वाढदिवसाला हजार पिशव्या, मे महिन्यात ‘डोनर आणा’

आईकडे एक दोनशेपानी वही आहे. आत पट्टीने आखलेले रकाने: नाव, रक्तगट, फोन नंबर, शेवटचं कधी दिलं. कडेला शेऱ्यासाठी थोडी जागा. ‘गिरणीवाले काका, शुगर निघाली, आता विचारू नये.’ ‘मामेवहिनीचा भाऊ, दोनदा फोन केला, उचलत नाही.’ ‘कॉलेजचा मुलगा, पुण्याला गेला.’ ही आमची चौथी वही. पहिली सुरू झाली तेव्हा माझा धाकटा भाऊ एक वर्षाचाही नव्हता. आज तो तेवीस वर्षांचा आहे.

त्याला थॅलेसेमिया मेजर आहे. हिमोग्लोबिन बनायला जी बीटा साखळी लागते ती त्याच्या शरीरात जवळजवळ बनतच नाही, त्यामुळे लाल पेशी तयार होतात त्या धड कामाच्या नसतात आणि टिकतही नाहीत. मग दुसऱ्याचं रक्त चढवायचं. लहानपणी एक पिशवी पुरायची, आता दर एकवीस दिवसांनी दोन. आमच्या घरी महिना तीस दिवसांचा नसतो, एकवीस दिवसांचा असतो. रक्त चढल्यावर पहिले दहा-बारा दिवस तो मोठ्याने हसतो, गाडी पुसतो, आईशी वाद घालतो. सतराव्या-अठराव्या दिवशी जिना चढताना मध्येच थांबतो आणि मोबाइलवर काहीतरी बघायचं होतं म्हणून थांबलोय असं दाखवतो. आई त्याच्या खालच्या पापणीकडे बघते आणि म्हणते, ‘नऊच्या खाली गेलंय.’ लॅबचा आकडा तिच्या आकड्यापासून फारसा लांब नसतो.

मला जे म्हणायचंय ते याच एकवीस दिवसांशी जोडलेलं आहे. अपघात झाला, बाळंतपणात रक्तस्राव झाला, तर रक्त अचानक लागतं. ते कधी लागेल हे कुणी सांगू शकत नाही. माझ्या भावाला पुढच्या वर्षी कुठल्या तारखांना रक्त लागणार हे मात्र मी आजच भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने लिहून देऊ शकते. इतकी ठरलेली गरज असलेला रुग्ण रक्तपेढीत दुसरा क्वचितच असेल. तरी दर वेळी त्याच्या घरच्यांनी डोनरसाठी वणवण करायची, ही आपल्याकडची रीत. ती थांबली पाहिजे. आणि ती थांबवायची असेल तर रक्तदान शिबिरांच्या तारखा साहेबांच्या वाढदिवसावरून नाही, रुग्णांच्या गरजेवरून ठरल्या पाहिजेत.

नियम आमच्या बाजूने आहेत, हे आधी सांगते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निकाल दिला आणि १९९८च्या सुरुवातीपासून पैसे घेऊन रक्त देणं देशभर बंद झालं. २००२च्या राष्ट्रीय रक्त धोरणात स्वेच्छा रक्तदान हाच पाया मानला आहे आणि बदली रक्तदात्यांची पद्धत, म्हणजे रक्त हवं तर त्या बदल्यात दाता आणायचा, ती हळूहळू संपवायची असं म्हटलं आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे तिन्ही रक्ताचे आजार आहेत. थॅलेसेमियाच्या रुग्णाला कार्डावर रक्त मोफत मिळायला हवं, त्याच्याकडे बदली डोनर मागू नये, अशा सूचना रक्तपेढ्यांना आहेत. भावाकडे कार्ड आहे, लॅमिनेट केलेलं, कडा झिजलेल्या.

कार्ड दाखवल्यावर काय होतं ते सांगते. काही वर्षांपूर्वीची गोष्ट, एप्रिलचे शेवटचे दिवस होते. सकाळी सहाला निघालो, साडेसातला क्रॉसमॅचसाठी, म्हणजे पिशवीतलं रक्त जुळतं का ते बघायला, नमुना दिला, भाऊ कॉटवर आडवा झाला. अकराला खिडकीतून सांगितलं, ‘एकच पिशवी आहे. दुसरी पाहिजे तर डोनर आणा.’ मी कार्ड पुढे केलं. खिडकीतल्या माणसाने ते वाचलंसुद्धा, मान हलवली आणि म्हणाला, ‘ताई, कार्डातनं रक्त निघत नाही. फ्रीज बघायचाय का?’ आईने वही काढली. अकरा फोन झाले. कुणी परगावी, कुणाला कावीळ होऊन गेलेली, कुणाच्या मुलांच्या परीक्षा, कुणी नुसतंच ‘बघतो’. दुपारी दीड वाजता मी फॉर्म मागितला.

मी फेब्रुवारीत रक्त दिलं होतं. बाईने दोन वेळच्या रक्तदानात १२० दिवसांचं अंतर ठेवायचं असतं, पुरुषाने ९०. हे मला पाठ आहे. फॉर्मवर ‘यापूर्वी रक्तदान केव्हा केले’ या ओळीपुढे मी डिसेंबर लिहिलं. हात थरथरला नाही. एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, तपासलं, साडेबाराच्या थोडं वर निघालं, घेतलं त्यांनी. संध्याकाळी भावाला दुसरी पिशवी लागली. त्यानंतर दोन महिने मला जिना चढताना धाप लागायची आणि मी ते घरात कुणाला सांगितलं नाही.

मी खोटं लिहिलं, हे अनेक वर्षं मनात राहिलं. स्वतःच्या तब्येतीचं मला फारसं काही वाटलं नाही. मला भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. थॅलेसेमियाच्या घरात वाढलेली, रक्ताच्या सुरक्षिततेविषयी सगळं माहीत असलेली मी जर ‘डोनर आणा’ या दोन शब्दांच्या दडपणाखाली फॉर्मवर खोटं लिहू शकते, तर नातेवाइकांनी गळ घालून आणलेला माणूस काय काय लपवेल? त्याला गेल्या वर्षी कावीळ झाली होती, पण भावकीत नाही कसं म्हणायचं? त्याची काही खासगी गोष्ट आहे, ती साडूभाऊ शेजारी उभे असताना तो कशी सांगेल? स्वखुशीने येणाऱ्या माणसाला परत जायची मोकळीक असते. आणलेल्या माणसाला ती नसते. रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची तपासणी होते हे खरं. पण संसर्ग नुकताच झाला असेल तर काही दिवस तो तपासणीत सापडत नाही. थेट विषाणूचाच अंश शोधणाऱ्या नॅट तपासणीने ते दिवस कमी होतात, संपत नाहीत, आणि ती सगळ्या रक्तपेढ्यांत होतही नाही. २०११ साली गुजरातेत जुनागढमध्ये थॅलेसेमियाची २३ मुलं एचआयव्हीबाधित आढळली. ही बातमी आली तेव्हा आमच्या वॉर्डातल्या आया एकमेकींशी बोलेनात. प्रत्येकीच्या मुलाच्या हाताला त्या वेळी विगो, म्हणजे शिरेतली नळी, लावलेला होता आणि वर पिशवी टांगलेली होती. माझ्या भावाच्या अंगात आजवर काहीशे अनोळखी माणसांचं रक्त गेलंय. त्यातला प्रत्येक जण मनाने आणि खरं बोलून आलेला असावा, एवढी अपेक्षा जास्त नाही.

‘घरच्यांनी नाही द्यायचं तर कुणी द्यायचं?’ हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय, अगदी शिकलेल्या माणसांनीही. त्याचं उत्तर या आजारातच आहे. थॅलेसेमिया मेजरचं मूल होतं तेव्हा आई आणि वडील दोघंही थॅलेसेमिया मायनर असतात, म्हणजे वाहक. वाहकाला त्रास काही नसतो, पण त्याचं हिमोग्लोबिन बऱ्याचदा कमी असतं, आणि रक्त द्यायला साडेबारा लागतं. माझ्या आईवडिलांना कुठल्याच रक्तपेढीने कधी सुईला हात लावू दिलेला नाही. भावंडांपैकीही निम्मी वाहक निघू शकतात. मी नाही निघाले, म्हणून निदान देऊ तरी शकते. त्यातही सख्ख्या नात्यातलं रक्त थेट त्याच रुग्णाला चढवू नये, असं डॉक्टर सांगतात. जवळच्या नात्यातल्या पांढऱ्या पेशी त्याच्या शरीरात घातक ठरू शकतात, आणि पुढेमागे भावंडाच्या अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण करायचं झालं तर आधी चढवलेलं घरचं रक्त त्यात अडथळा आणतं. म्हणजे आईवडील देऊ शकत नाहीत, भावंडाने देऊ नये. मग ‘घरचे’ म्हणजे कोण? शेजारी, सोयरे, बाबांच्या ऑफिसातले लोक आणि त्यांचे मेहुणे.

या सगळ्यांशी आमचं नातं काय झालंय, ते मला सांगितलंच पाहिजे. भाऊ कॉलेजात असताना चुलतबहिणीच्या लग्नाला यायला तयार होईना. खूप विचारल्यावर म्हणाला, ‘ताई, मी हॉलमध्ये शिरलो की लोक आईकडे बघतात. त्यांना वाटतं, ही आता वही काढणार.’ त्याचं खोटं नव्हतं. मी स्वतः लग्नात पंगतीला बसलेल्या तरुण पोरांकडे बघत याचं वजन पंचेचाळीसच्या वर असेल ना, असा विचार केलेला आहे.

आणि ज्या कामात घरच्यांची खरोखर गरज असते, ते काम या धावपळीत मागे पडतं. रक्ताने मूल जगतं, पण प्रत्येक पिशवीबरोबर दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम लोह अंगात जातं. ते बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. ते यकृतात, स्वादुपिंडात, हृदयात साठत राहतं. थॅलेसेमियाची मुलं वयात आल्यावर दगावतात ती बऱ्याचदा या साठलेल्या लोहाने हृदय थकल्यामुळे. ते काढायला औषधं लागतात. पूर्वी पोटाच्या कातडीखाली सुई टोचून आठ-दहा तास पंप चालवायचा, आठवड्यातल्या पाच रात्री. आमच्या भावाने लहानपणी तो सोसलाय. तो झोपेत कुशीवर वळला की सुई निघायची, बाबा उठून परत लावायचे. आता गोळ्या आहेत, रोज अनशापोटी पाण्यात विरघळवून घ्यायच्या, चव खडूच्या पाण्यासारखी. त्यावर अंगात लोह किती साठलंय ते दाखवणारी फेरीटिनची तपासणी, हृदयाचा एमआरआय, कानाची, डोळ्यांची, साखरेची तपासणी.

सोळाव्या वर्षी त्याने गोळ्या बंद केल्या. आम्हाला कळलंच नाही. पेला धुतलेला दिसायचा, पट्टी रिकामी दिसायची. चार महिन्यांनी फेरीटिन चार हजारांच्या वर गेलं तेव्हा कळलं, आणि गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत मातीवर पांढरट थर का बसलाय तेही कळलं. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, ‘या वयात सगळीच मुलं एकदा थांबवतात. घरात कुणीतरी बोलत बसायला पाहिजे होतं.’ मी त्या चार महिन्यांतल्या संध्याकाळी आठवून पाहिल्या. मोठा उन्हाळा होता. मी नि आई रोज संध्याकाळी फोनवर होतो, डोनर शोधत. तो आतल्या खोलीत एकटा होता.

म्हणून मी म्हणते की ‘डोनर आणा’ ही नुसती गैरसोय नाही. घराकडे जेवढी ताकद असते ती सगळी ते एका अशा कामात ओढून घेतं जे घराने करायचंच नव्हतं.

आता शिबिरांकडे येते. महाराष्ट्रात रक्तदान कमी होत नाही. देशात सर्वांत जास्त रक्त आपल्याच राज्यात जमा होतं, वर्षाला वीस लाख पिशव्यांच्या घरात. मुंबईत लीला मूळगावकरांसारख्या बाईंनी पदरमोड करून, दारोदार जाऊन स्वेच्छा रक्तदान लोकांच्या गळी उतरवलं, त्याला आता सत्तर वर्षं होत आली. आज गावोगावी तरुण पोरं आनंदाने झोपून रक्त देतात, ही मोठी कमाई आहे. अडचण आहे ती तारखांची. २६ जानेवारी, शिवजयंती, १५ ऑगस्ट, गणपतीचे दहा दिवस, आणि वर्षभर पसरलेले नेत्यांचे वाढदिवस. त्या दिवशी चौकात मंडप, बॅनरवर ‘महारक्तदान शिबिर’, बाजूला आकडा: ५०१, १००१. रक्त देणाऱ्याला हेल्मेट, भिंतीवरचं घड्याळ, जेवणाचा डबा.

लाल पेशींची पिशवी फ्रीजमध्ये ३५ दिवस टिकते, पिशवीत वेगळं द्रावण असेल तर ४२ दिवस. १५ ऑगस्टला घेतलेली पिशवी १९ सप्टेंबरला, फार तर २६ सप्टेंबरला बाद. दिवाळीत ती कुणाच्याच उपयोगाची नाही. थॅलेसेमियाच्या रुग्णाला तर शक्यतो दोन आठवड्यांच्या आतलं रक्त द्यावं असं सांगितलेलं आहे, कारण पेशी जेवढ्या ताज्या तेवढ्या त्याच्या अंगात जास्त टिकतात. आणि एका दिवशी हजार जणांनी रक्त दिलं की त्यातला प्रत्येक पुरुष पुढचे तीन महिने आणि प्रत्येक बाई चार महिने यादीतून गेली. आकड्यासाठी केलेल्या शिबिराने फ्रीज तर एकदमच भरतो, शिवाय पुढच्या हंगामाचे दातेही आधीच खर्च होतात.

मग मे येतो. कॉलेजं बंद, वसतिगृहं रिकामी, लोक गावाला गेलेले, उन्हाने कुणाला रक्त देववत नाही. ८ मे हा जागतिक थॅलेसेमिया दिन असतो. त्या दिवशी आमच्या वॉर्डात फुगे लावतात, मुलांना रंगपेट्या वाटतात, फोटो निघतात. वर्षातला रक्ताचा सगळ्यांत मोठा तुटवडा असतो तोही नेमका याच दिवसांत. फुगे लावलेल्या त्या हॉलमध्ये अर्धी पिशवी घेऊन घरी जाणारी पोरं मी पाहिली आहेत.

रक्तपेढीतल्या लोकांची बाजू मला मान्य आहे. फ्रीजमध्ये बी पॉझिटिव्हच्या चार पिशव्या, वर सिझेरियनची बाई, अपघातातला पोरगा, कॅन्सरचे दोन रुग्ण आणि आम्ही. आम्हाला निदान उद्या या म्हणता येतं, म्हणून आम्हालाच म्हणतात. त्या खिडकीतल्या माणसावर माझा राग नाही. तो म्हणाला ते खरंच होतं, कार्डातून रक्त निघत नाही. पण मग कार्डामागे रक्त उभं करायची जबाबदारी कुणाची? प्रत्येक शिबिर कुठल्या ना कुठल्या परवानाधारक रक्तपेढीलाच भरवावं लागतं आणि रक्तपेढ्यांवर राज्य रक्त संक्रमण परिषद आहे. जिल्ह्यात थॅलेसेमियाचे रुग्ण किती, कुणाला किती पिशव्या, कुठल्या आठवड्यात, हे त्यांच्या रजिस्टरांत लिहिलेलं आहे. त्या रजिस्टरावरून वर्षाचा तक्ता काढावा आणि शिबिरांना तारखा त्यावरून द्याव्यात. मंडळाने हजार नावं जमवली तर त्या दिवशी अडीचशे जणांचं रक्त घ्यावं, बाकीच्यांना आठवड्या-आठवड्याने तारखा द्याव्यात, त्यातल्या निम्म्या एप्रिल ते जूनमधल्या. बॅनरवर हजारच लिहा, माझी काही हरकत नाही.

‘मंडप, गर्दी, मित्र असले की पोरं येतात, एकेकटी कुणी येणार नाही,’ असं कार्यकर्ते म्हणतात. पहिल्यांदा येणाऱ्याच्या बाबतीत ते खरं आहे. म्हणून मंडप बंद करा असं मी म्हणत नाही. पहिली वेळ मंडपात होऊ दे, दुसरी वेळ ठरलेल्या तारखेला रक्तपेढीत. आणि हे गणित वाटतं तेवढं मोठं नाही. माझ्या भावाला वर्षात सतरा-अठरा वेळा दोन-दोन पिशव्या लागतात, म्हणजे पस्तीसच्या आसपास. एक निरोगी पुरुष वर्षात चार वेळा देऊ शकतो. म्हणजे नऊ माणसं. ताप, प्रवास, कमी एचबी धरून बारा घ्या. त्यांचा रक्तगटही त्याच्याशी जुळायची गरज नाही, जिल्ह्याच्या साठ्यात अदलाबदल होते. एका रुग्णामागे बारा माणसं. गावात मंडळं किती, प्रत्येकात पोरं किती, हे कुणीही मोजून बघावं.

कुणी म्हणतात की मुळात अशी मुलं जन्मालाच येऊ नयेत यासाठी तपासणी करा. करावीच. लग्नाआधी किंवा निदान गरोदरपणाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत वाहक आहे का ते सांगणारी एचबीए२ची एक रक्ततपासणी पुरते. आई आज ओळखीच्या प्रत्येक मुलीला ते सांगते. पण हे वाक्य लोक बऱ्याचदा माझ्या भावासमोर उच्चारतात. तो पाणी आणायच्या निमित्ताने आत निघून जातो.

प्रत्यारोपणाचंही विचारतात. माझी अस्थिमज्जा त्याला जुळते का हे बघणारी एचएलए तपासणी झाली होती, मी एकोणीस वर्षांची असताना. सख्ख्या भावंडाचं जुळण्याची शक्यता चारात एक. जुळलं नाही. रिपोर्ट मीच आणायला गेले होते आणि बसस्टँडवर दोन बस सोडल्या, घरी जायचा धीर होईना म्हणून.

गेल्या वर्षी मी आमच्या गल्लीतल्या मंडळाकडे गेले. त्यांचं नेत्याच्या वाढदिवसाचं शिबिर ठरलं होतं, २५१ पिशव्यांचं. मी वहीतलं गणित दाखवलं आणि बारा नावं मागितली, त्या दिवशी रक्त न देणारी. अध्यक्ष थोडे नाराज झाले, आकडा कमी दिसेल म्हणाले, पण दिली बारा नावं. त्यातली सात अजून टिकून आहेत. पाच गेली, दोघांची लग्नं झाली, एकाला नोकरी लागली, दोघांनी सरळ नको सांगितलं. सातांनी पूर्ण भागत नाही. या मे महिन्यातही आईने दोनदा वही काढली. पण दोनदाच काढली.

त्या सातांतला एक टेम्पो चालवतो. दर तीन महिन्यांनी पहाटे भाजी मार्केटला पोचवून तसाच परस्पर रक्तपेढीत जातो, रक्त देतो, चहा-बिस्कीट खातो आणि मला एका शब्दाचा मेसेज करतो, ‘झालं’. भावाला त्याने कधी पाहिलेलं नाही, नावही विचारलेलं नाही. पुढची तारीख कुठली, एवढंच विचारतो.